अंधारातील आगगाडी
अमेरिकी छायाचित्रकार ओ. विन्स्टन लिंक (१९१४–२००१) यांनी १९५५ पासून ‘नॉरफोक अँड वेस्टर्न’ रेल्वेची वाफेची इंजिने कृष्णधवल छायाचित्रांत टिपली, तीही प्रामुख्याने रात्री. सूर्य हलवता येत नाही. रात्री मात्र प्रकाश कोठून पडावा, हे छायाचित्रकार ठरवू शकतो. त्यासाठी ते रुळांलगत तारांनी जोडलेले अनेक फ्लॅशबल्ब एकाच क्षणी पेटवीत. उजळलेली वाफ काळ्या आकाशावर उठून दिसे, अनावश्यक तपशील अंधारात लोपत. बल्ब एकदाच पेटे; म्हणून धावत्या गाडीसाठी संधीही एकच मिळे. डिझेल इंजिनांच्या आगमनाने काळही थोडाच उरला होता. १९६० मध्ये या मार्गावरील वाफेचे पर्व संपले. रोआनोक येथील जुन्या स्थानकात २००४ मध्ये त्यांच्या छायाचित्रांचे संग्रहालय उघडले.