गिरणीचा कान

मसुऱ्यात आमच्या वाडीवर ट्रॅक्टर आला, तेव्हा कोकण रेल्वे अजून सुरू व्हायची होती. घाटावरून जुना घेतलेला, तीन सिलिंडरचा, रंग उडालेला. त्यासाठी बाबांनी बैलांची जोडी विकली. बैल गोठ्यातून बाहेर पडले त्या दिवशी आजी जेवली नाही.

आमच्याकडे ट्रॅक्टर इतका उशिरा यायला जमीनच कारण. भारतात ट्रॅक्टर बनू लागला १९५९ साली, फरिदाबादला आयशरच्या कारखान्यात. पुढे महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सोबतीने तो मुंबईत काढला. पंजाबातल्या, घाटावरच्या मोठ्या रानांना ते यंत्र मानवलं. कोकणात उतारावरचे वीतभर कुणगे आणि दर चार पावलांवर मेर. तिथे ट्रॅक्टर वळवणार कुठे? आमचा मळा मात्र भरतगडाच्या खालच्या अंगाला, गड नदीच्या बाजूचा, लांबरुंद आणि सपाट. म्हणून आमचं धाडस झालं. आमचं बघून शेजारच्या चार घरांनीही जोतं मोडली. भाड्याने चिखलणी करून घेऊ म्हणाले.

दुसऱ्याच वर्षी, ऐन आषाढात, इंजिन मिसिंग मारायला लागलं. उभं असताना बरं चाले. चिखलात घातलं, जोर लागला की भक्‌ भक्‌ करी, पांढरा धूर सोडी, मध्येच रेस आपोआप चढे आणि बसे. तरवा वीस दिवसांचा झालेला. पंचविशीपर्यंत तो लावायला हवा. पुढे तो जून होतो आणि लावल्यावर फुटवे कमी येतात. पाच घरांचा तरवा एका इंजिनावर टांगलेला आणि गोठे रिकामे. बाबांना रात्री झोप नव्हती.

बाजारातला मेकॅनिक आला. इंजिनाला कान न लावताच म्हणाला, "पंप खोलूचो लागतलो. शहरात पाठवूया. आठ दिस जातले."

धाकटे काका तेव्हा पडवीत विडी ओढत बसले होते. त्यांना कुणी विचारलं नाही. काका परळच्या एका गिरणीत फिटर. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतले किती तरी आमच्या मालवण-कणकवलीकडचे. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. माणसं मात्र एकेक करून गावी परतली. काका आले ते एक लोखंडी पेटी घेऊन, आत पाने. तेव्हापासून पेटी माळ्यावर. ज्या घराने वर्षानुवर्षं त्यांच्या मनिऑर्डरीवर सण केले, त्याच घरात "गिरणीवालो बसान खाता" असं ऐकू येऊ लागलं. बाबा उघड बोलत नसत. पण दोघा भावांत शेताच्या कामापलीकडे बोलणं उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बाबा पडवीत जाऊन उभे रवले. "बघतस काय रे जरा?" एवढंच म्हणाले.

काकांनी मला माळ्यावरून पेटी काढायला लावली. पण पाना लगेच उचलला नाही. आधी इंजिन चालू करून डोळे मिटून उभे राहिले. साचेखात्यात शेकडो साच्यांच्या खडखडाटात बिघडलेला एक साचा ओळखायची त्यांच्या कानाला सवय. मग मला म्हणाले, "धूर बघ. काळो म्हणजे वारो कमी. निळो म्हणजे आयल जळता. पांढरो म्हणजे डिझेल न जळताच भायर पडता. आधी बघूक आणि ऐकाक शिक, मगे पानो धर."

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि नोझलमधून उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणून बघायच्या गोष्टी तीन: हवा, दाब, डिझेल. काकांनी संथ चालत्या इंजिनावर नोझलच्या नळीचा एकेक नट किंचित सैल केला. "हात लांब ठेव, धार चामड्यात घुसता." पहिला सैल केला, आवाज पडला. आवळला. दुसरा, आवाज पडला. तिसरा, तसंच. एखादा सिलिंडर मेलेला असता तर त्याचा नट सैल करून आवाजात फरक पडला नसता. काका हसले. "तीनय जिते आसत. सगळ्यांका एकदम दुखता म्हणजे रोग पंपाच्याय आधी आसा."

फिल्टरखालचा स्क्रू काढून त्यांनी काचेच्या पेल्यात डिझेल घेतलं. थोडा वेळ ठेवला. वर डिझेल, तळाला दोन बोटं पाणी.

"गेल्या वर्सा काम संपल्यार टाकी भरलेलास?"

"अर्धी होती," बाबा म्हणाले.

उलगडा झाला. आमच्या खाडीकाठची हवा ओली. अर्ध्या टाकीतल्या रिकाम्या जागेत रात्री दव धरतं, पाणी जड म्हणून तळाला बसतं, आणि पाण्या-डिझेलच्या सांध्यावर बुळबुळीत काळा चिकटा वाढतो. तो टाकीच्या तोंडाशी जाळीत अडकला होता. जोर लागला की इंजिन जास्त डिझेल मागे आणि जाळी देत नसे. वर नळीच्या सांध्यातला तांब्याचा वॉशर चपटून कडक झालेला. तिथून हवा ओढली जाई. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. बुडबुडा आला की पंपाचा जोर तो दाबण्यातच जातो आणि नोझल उघडतच नाही.

टाकी उतरवली, धुतली. डिझेल सुती फडक्यातून गाळलं, पाणी वेगळं केलं. फिल्टर मालवणहून आणले. वॉशर मिळेनात. काकांनी जुनेच वॉशर आईच्या चुलीत लाल होईपर्यंत तापवले आणि पाण्यात टाकले. तांबं मऊ पडलं आणि सांधा धरला. मग हातपंप मारून, फेस थांबेपर्यंत, एअर काढली.

इंजिन लागलं. आधी थोडं अडखळलं, मग एकसुरात चालू लागलं. तेविसाव्या दिवशी आमची लावणी सुरू झाली आणि पाचही घरांचा तरवा वेळेत लागला.

संध्याकाळी मी पेटी परत माळ्यावर न्यायला उचलली. बाबा म्हणाले, "वर नको. हयच ठेव, पडवीत." मग काकांकडे न बघता, "आणि उद्या चावी तुझ्याकडेच रवांदे."

काकांनी विडी विझवली. बोलले काही नाहीत.

त्या मेकॅनिकची चूक मोठी नव्हती. त्याला घाई होती. चूक आमची. घरात जाणता माणूस बसलेला असताना आम्ही तो रिकामा समजलो. संपानंतर कोकणातल्या किती तरी पडव्यांमध्ये असे कान, असे हात गप्प बसून राहिले असतील.

ट्रॅक्टर पुढे विकला, काकाही गेले. आता माझ्याकडे पॉवर टिलर आहे. भात झोडून झालं, दिवाळी आली की मी त्याची टाकी गळ्यापर्यंत भरतो. पावसाआधी तळाचं थोडं डिझेल काचेच्या पेल्यात काढून उजेडात धरतो. पेला तोच आहे.