‘दऱ्या’तील अर्धा ‘र’ : रूप एक, संकेत दोन

मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तर ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या रूपांतही असाच अर्थभेद आहे. संगणकात तो दोन पद्धतींनी नोंदवला जातो.

युनिकोड या जागतिक प्रमाण संकेतप्रणालीत प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक असतो. दशमान पद्धतीने ‘र’चा क्रमांक २३५२, नुक्ता असलेल्या ‘ऱ’चा २३५३ आणि पाय मोडणाऱ्या हलन्त चिन्हाचा २३८१ आहे. २३५२, २३८१ आणि पुढे ‘य’ असा क्रम असल्यास रफार उमटतो. २३५२ ऐवजी २३५३ वापरल्यास आडव्या रेघेचा अर्धा ‘र’ दिसतो. साधा ‘र’ व हलन्त यांच्यानंतर ८२०५ क्रमांकाचे अदृश्य जोडचिन्ह घातल्यासही हेच रूप मिळते.

पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात. मात्र त्यांतील क्रमांक भिन्न असतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणानंतरही हा फरक कायम राहतो. परिणामी, केवळ क्रमांक जुळवणाऱ्या संगणकप्रणालीत एका पद्धतीने नोंदवलेले ‘कऱ्हाड’ वा ‘वऱ्हाड’ दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडत नाही. त्यामुळे मराठी नावांच्या याद्या व शब्दकोश यांच्या शोधप्रणालीत ही दोन्ही लेखने एकच मानण्याची तरतूद असणे आवश्यक ठरते.