शाळेत लागलेले राजाचे चित्र

बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा पाहायला जाणाऱ्याने त्याच आवारातले महाराजा फतेहसिंह संग्रहालय चुकवू नये. राजा रविवर्मा यांनी काढलेली गायकवाड घराण्याची तैलचित्रे तिथे आहेत. त्यांतच महाराजा सयाजीराव तिसरे दिसतात. राजपोशाख, जडजवाहीर, दरबारी थाट, राजाच्या चित्रात असावे ते सगळे आहे.

२८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांच्या हाती राज्याचा पूर्ण कारभार आला आणि त्याच सुमारास रविवर्मा बडोद्याला आले. तेव्हा महाराजांचे वय अवघे १८ होते. सहा वर्षे आधी ते नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे, शेतकरी घरातले गोपाळराव होते. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हाररावांना गादीवरून दूर केले आणि खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाईंनी गोपाळरावांना दत्तक घेतले. त्या वेळी या बारा वर्षांच्या मुलाला लिहिता-वाचताही येत नव्हते.

चित्रात हे कुठेच दिसत नाही. पण संग्रहालयाची ही इमारत मुळात राजघराण्यातल्या मुलांची शाळा म्हणून बांधलेली आहे! उशिरा अक्षरे गिरवलेल्या राजाने शाळा केवळ आपल्या मुलांपुरती ठेवली नाही. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सबंध संस्थानात मुलामुलींसाठी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. त्या काळी आपण निजामाच्या राज्यात होतो. आपल्या आजोबांच्या पिढीला वरच्या इयत्ता उर्दूतूनच शिकाव्या लागत.

तरीही बडोद्याचा धागा आपल्या गावापर्यंत पोहोचला. १९१३ मध्ये सयाजीरावांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेत शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. पुढे १९५० मध्ये डॉ. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच आपले मिलिंद. मराठवाड्यातल्या किती घरांतला पहिला पदवीधर तिथून बाहेर पडला! शहागंजच्या गल्ल्यांतून सायकलवर तिकडे जाणारे आपल्यातही होते.

मित्रहो, बडोद्याला गेलात तर ते चित्र जरूर पाहा. आणि सोबत नातवंडे असतील, तर ते कोणत्या इमारतीत लागले आहे, हेही त्यांना सांगा.