पाकपुस्तके आणि घरची वाटी

अहमदनगरच्या, म्हणजे आता अहिल्यानगर हे नाव धारण केलेल्या या शहरात इतिहासावर व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे प्रथम भुईकोट किल्ला उभा राहतो. चांदबिबीचे शौर्य, मलिक अंबरची मसलत, निजामशाहीचा उदय आणि अस्त, हे विषय येथे अनेकांनी मांडले आहेत आणि पुढेही मांडतील. आम्ही मात्र श्रोत्यांना किल्ल्याऐवजी घराच्या मागील दाराने आत नेणार आहोत. पुस्तकात वाचलेली पाककृती घरी करून पाहणे, ती साधली की फसली याची शेजारणीशी चर्चा करणे, आणि पुढच्या खेपेस त्यात आपल्या हाताने दुरुस्ती करणे, हा उद्योग आमच्या घरांतून चार-पाच पिढ्या चालू आहे. त्यालाही इतिहास आहे, आणि तो वाटतो तितका किरकोळ नाही.

चवीचा विचार थोरामोठ्यांना वर्ज्य असतो, असा कोणाचा समज असेल तर त्याने आपल्या किल्ल्याकडेच पाहावे. १९४२ साली काँग्रेसचे पुढारी येथे स्थानबद्ध झाले. पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ येथे लिहिला, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु मौलाना आझाद यांनी याच किल्ल्यात जी उर्दू पत्रे लिहिली आणि जी १९४६ साली ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली, त्यांत चहाविषयी केवढे विस्ताराने लिहिले आहे, हे थोड्यांनाच माहीत असते. चिनी चहा, तोही दुधाविना, कसा घ्यावा याचे त्या विद्वानाने केलेले विवेचन म्हणजे एक पाककृतीच आहे. बाहेर देश पेटलेला असताना आत बंदिवासात माणूस आपली चव जपून ठेवतो, यात आम्हांला विसंगती दिसत नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. पाककृती लिहून ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, ‘अन्नभोग’ नावाचे प्रकरणच आहे. नगरची निजामशाही १४९० साली स्वतंत्र झाली, त्याच सुमारास माळव्यातील मांडूच्या सुलतानांसाठी ‘निमतनामा’ हा सचित्र पाकग्रंथ तयार होत होता. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला; त्यांना तंजावरच्या एकोजीराजांची राणी दीपाबाई हिचा आश्रय होता. हे ग्रंथ मोलाचे आहेत. मिरची, बटाटा आणि टोमॅटो हे आज नित्याचे झालेले जिन्नस ‘मानसोल्लासा’च्या काळी या देशात नव्हतेच, ते पोर्तुगीज आल्यानंतर आले. एवढी एकच गोष्ट ध्यानी घेतली, तरी ‘आपले परंपरागत जेवण’ हा शब्दप्रयोग जरा जपून करावा असे वाटू लागते. पण हे सर्व ग्रंथ राजाच्या मुदपाकखान्यासाठी किंवा पंडितांच्या फडताळासाठी होते. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या हाती ते कधी आले नाहीत.

तिच्या हाती पुस्तक यायला छापखाना लागला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले; मराठीतील आद्य छापील पाकपुस्तक म्हणून त्याचा उल्लेख होतो. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली तीही त्याच वर्षी. या योगायोगावर आम्ही मोठा सिद्धांत उभारू इच्छित नाही. तरी एवढे म्हणता येईल की, जे ज्ञान आजवर घराण्यात, गुरुगृही अथवा जातीत राहत होते ते चव्हाट्यावर मांडावे, कोणीही ऐकावे, कोणीही वाचावे, ही त्या काळाची हवा होती. व्याख्यानाने विद्येचे जे केले, तेच छापील पाकपुस्तकाने लाडू-करंज्यांचे केले.

परंतु पुस्तक छापले म्हणजे वाचले गेले असे होत नाही. वाचणारी बाई हवी. या बाबतीत आपल्या जिल्ह्याचा वाटा अभिमानास्पद आहे. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नगरला मुलींच्या शाळा चालविल्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण त्यांच्याकडेच घेतले असे मानले जाते. येथील जिल्हा वाचनालय तर १८३८ सालचे आहे. असे असूनही प्रगती किती संथ होती पाहा. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या, म्हणजे १९५१ च्या शिरगणतीत देशातील शंभर स्त्रियांपैकी जेमतेम नऊ साक्षर होत्या. तेव्हा बहुतेक घरांत पाकपुस्तक हे एकीने वाचायचे आणि चौघींनी ऐकायचे पुस्तक होते. शाळेत जाणारी मुलगी उंबऱ्यावर बसून कृती वाचून दाखवी आणि आई, काकू, आत्या हात चालवता चालवता तिच्यावर भाष्य करीत. पुस्तकावरील चर्चा वाचनानंतर नव्हे, वाचनाबरोबरच चाले.

१९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक आले. एका स्त्रीने स्त्रियांसाठी लिहिलेल्या या पुस्तकाचे नावच बोलके आहे. ते गुरू म्हणून येत नाही, सासू म्हणूनही येत नाही. मैत्रीण म्हणून येते. नव्या सुनेला घरातले एखादे पक्वान्न शिकायचे तर सासूची मर्जी सांभाळावी लागे, आणि दुसऱ्या जातीच्या घरातले शिकायचे तर वाटच नसे. सोवळ्या-ओवळ्याच्या भिंती स्वयंपाकघराइतक्या उंच दुसरीकडे कोठेच नव्हत्या. नगर-राहुरीशी ज्यांचे आयुष्य जडले त्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत, त्यांना हे निराळे सांगायला नको. घरात येणारा जिन्नस धुऊन घेणाऱ्या वडिलांच्या कडक सोवळ्यात त्या वाढल्या. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर, त्यांच्याकडे परत येऊनही, त्यांनी काही काळ आपले अन्नपाणी निराळे ठेवले. आणि पुढे स्वतःच्या विचाराने तो भेद टाकला. एका बाईला जी भिंत ओलांडण्यास इतके सोसावे लागले, तिला छापील कृतीने एक झरोका पाडला. दुसऱ्याच्या हातचे खाणे निषिद्ध होते तेव्हाही, दुसऱ्याच्या घरचा पदार्थ आपल्या हाताने करून पाहण्यास पुस्तक आड येत नव्हते. झरोका म्हणजे दार नव्हे, हे आम्ही जाणतो. पण वारा झरोक्यातूनही येतो.

आता या साऱ्या इतिहासातील अवघड प्रश्न येतो, तो मापाचा. आई लेकीला सांगे, ‘अदमासाने घाल.’ हा अदमास तिच्या तळहातात होता. कागदावर तो कसा उतरवायचा? जुनी मापे होती. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. पण शेर गावोगाव निराळा. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, तर मुंबईचा शेर त्याहून पुष्कळ लहान. एका गावच्या शेराने लिहिलेली कृती दुसऱ्या गावच्या शेराने केली तर शिरा तरी गिच्च व्हावा किंवा कोरडा तरी पडावा! पुढे १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली, १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली, आणि शेर-छटाकांची पुस्तके सुनांना परकी झाली. किराणा किलोने येऊ लागला. पण घरात तराजू होता कोठे?

ही कोंडी १९७० साली फुटली. सांगलीकडच्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने सरळ वाटी आणि चमचा हाती घेतला. वाटीचे मर्म असे की, ती लहान असो वा मोठी, एकाच वाटीने रवा, साखर आणि पाणी मोजले की प्रमाण बिघडत नाही. शेर सरकारचा आणि ग्रॅम तराजूचा, पण वाटी प्रत्येक घरची. कमलाबाईंचे शालेय शिक्षण बेताचेच होते. विद्यापीठात न शिकलेल्या एका गृहिणीने मापाचा प्रश्न असा सोडविला, ही मराठी ज्ञानव्यवहारातील लहान गोष्ट नव्हे. हे पुस्तक लग्नात मुलींना देण्याची रीत पडली, आणि परदेशी जाणाऱ्यांच्या सामानातही ते गेले.

असे असले तरी पुस्तक सगळे सांगू शकत नाही, आणि चर्चेला तोंड फुटते ते येथेच. अनारशांचे उदाहरण घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, कपड्यावर पसरून दमट असतानाच कुटायचे, गूळ मिसळून पीठ मुरू द्यायचे, हे सारे पुस्तकात असते. तरीही तुपात सोडताच अनारसा विरघळतो, आणि बायका म्हणतात, ‘अनारसा हसला!’ मग शेजारीण विचारते, गूळ नवा होता की जुना? तांदूळ कोणता? पीठ सैल तर नव्हते? चकलीचेही तेच. मोहन जास्त झाले तर ती तेलात सुटते, कमी झाले तर दाताला जुमानत नाही. हळदीकुंकवाच्या बैठकीत आणि महिला मंडळांच्या पाककला स्पर्धांत या चर्चा ज्यांनी ऐकल्या असतील, त्यांना त्यांतील काटेकोरपणा ठाऊक आहे. एक कारण धरायचे, बाकीचे जसेच्या तसे ठेवायचे आणि पुन्हा करून पाहायचे, ही शास्त्राचीच रीत होय. निष्कर्ष मग पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने उतरतो: ‘गूळ थोडा कमी’, ‘आमच्या वाटीने दीड’. ज्या पानावर तेलाचे डाग आणि समासात टिपा आहेत, ते पान दोन बायकांनी लिहिलेले असते. एकीचे नाव मुखपृष्ठावर असते, एवढाच फरक.

येथवर आम्ही पुस्तकांचे गुण गाइले. पण जिल्ह्याच्या नात्याने एक हिशेब मांडणे प्राप्त आहे. छापील पाकपुस्तकांचा मोठा भाग शहरी मध्यम वर्गाने लिहिला. गहू, तांदूळ, तूप, साखर ज्या घरी नेहमी असते त्या घराचा तो स्वयंपाक आहे. आमचा जिल्हा बव्हंशी अवर्षणाचा. त्याचे अन्न बाजरी, ज्वारी, हुलगा, मठ यांवर उभे आहे. हुलग्याचे शेंगोळे घ्या, जामखेड-कर्जतकडील शिपी आमटी घ्या, किंवा पारनेर-जुन्नर पट्ट्यातील मासवडी घ्या. बेसन शिजवून ओल्या कापडावर थापायचे, त्यावर भाजलेले तीळ, सुके खोबरे, कांदा, लसूण यांचे सारण पसरायचे आणि कापडाच्याच आधाराने वळकटी करायची. पीठ किती घट्ट झाल्यावर थापावे, हे सांगणारा शब्द अजून छापखान्यात पोहोचलेला नाही. तो हातातच आहे.

१९७२ चा दुष्काळ आठवावा. ‘रुचिरा’ बाजारात येऊन दोन वर्षे झाली होती, आणि त्याच वेळी आपल्याकडील हजारो बाया खडी फोडण्याच्या कामावर होत्या. तेथे सुकडी मिळे, आणि रेशनवर परदेशी लाल मिलो. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना तुटते, तेव्हा उकळते पाणी घालून मळावे, हे ज्ञान त्या दिवसांत घरोघर लागले. परक्या धान्याची भाकरी कशी साधावी, ही त्या काळातील सर्वांत निकडीची पाकचर्चा होती, आणि तिचे पुस्तक झाले नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली मराठवाड्यातील दलितांच्या अन्नाविषयी लिहिताना पुस्तकाला ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे नाव दिले, त्याचा अर्थ येथे नीट उमगतो. पाकपुस्तकांच्या मांडवात ज्यांना पान वाढले गेले नाही, त्यांनी आपले पान आपणच मांडले.

आणि पुस्तकावाचूनही ज्ञान किती काटेकोर राहू शकते, हे अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी दाखविले आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी गावरान बियाणी जपली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाणे हा पाककृतीचा पहिला जिन्नस आहे. ज्या वालाची उसळ आजी करी तो वालच गेला, तर समासातली पेन्सिलची टीप कशाला लावणार?

म्हणून आमचे सांगणे थोडे आहे. घरोघरच्या कपाटांत डाग पडलेली पुस्तके आणि शाळेच्या जुन्या वह्यांत उतरविलेल्या कृती आहेत. आवराआवरीत त्या रद्दीत जातात, कारण त्यांस कोणी इतिहासाचे साधन मानीत नाही. बखर, सनद, शिलालेख यांजबरोबर या वह्याही साधनच होत. मोडी कागदांइतक्याच त्या जपल्या पाहिजेत. ज्या घरी वही नाही पण शेंगोळे वळणारा हात आहे, तेथे नातीने अथवा नातवाने शेजारी बसून लिहून घ्यावे. कोणत्या गावची बाजरी, पीठ केव्हा दळलेले, वाटी केवढी, हे सारे लिहावे. ती वाटीही जवळ ठेवावी. मग स्वतः करून पाहावे आणि फसले तर पुन्हा विचारावे. विचारायला समोर माणूस आहे तोवरच हे काम होण्यासारखे आहे.