नवजात मेद आणि मातेचे चयापचय

नवजात मेद म्हणजे जन्मावेळी बाळाच्या अंगावर व अंगात असलेली चरबी. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या वजनात तिचा वाटा साधारण १२ ते १४ टक्के असतो. सस्तन प्राण्यांच्या पिलांमध्ये माणसाचे बाळ सर्वांत मेदयुक्त पिलांपैकी एक आहे. माकडांची पिले त्याच्यापुढे अगदीच हडकुळी. चरबीच्या पेशी गर्भात चौथ्या-पाचव्या महिन्यात दिसू लागतात, पण साठा होतो तो मुख्यतः शेवटच्या तिमाहीत. सातव्या महिन्यात जन्मलेले मूल सुरकुतलेले दिसते आणि दिवस भरलेले मूल गोंडस दिसते, याचे एक मोठे कारण हेच.

वाटा लहान असला तरी बाळाबाळांच्या वजनात जो फरक पडतो त्यात या चरबीचा हात मोठा आहे. अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ पॅट्रिक कॅटलानो यांच्या गटाने मोजून दाखवले, की वजनाचा सातवा हिस्सा असलेली चरबी वजनातील एकूण तफावतीपैकी जवळजवळ निम्म्या तफावतीशी निगडित असते. हाडांची लांबी बरीचशी आई-वडिलांच्या उंचीवर जाते. चरबीचे तसे नाही. आईच्या रक्तातून कोणते इंधन किती मिळाले, यावर ती फार झपाट्याने कमी-जास्त होते. म्हणून तराजूवर एकाच वजनाची भरलेली दोन बाळे आतून अगदी वेगळी असू शकतात. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही, ही या विषयातली मूळ अडचण.

इंधनाचा मार्ग : गरोदरपणाच्या उत्तरार्धात वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे आईचे शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते, तिची इन्सुलिन-संवेदनशीलता निम्म्यावर येते. हा आजार नाही, निसर्गाची तजवीज आहे. जेवणानंतर आईच्या रक्तात साखर व स्निग्धांश थोडे जास्त वेळ रेंगाळावेत आणि गर्भाला मिळावेत, यासाठी ती असते. ज्या स्त्रीचे स्वादुपिंड हा वाढीव भार पेलू शकत नाही तिला गर्भकालीन मधुमेह होतो. साखर वारेतून सहज पलीकडे जाते, आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. आलेल्या साखरेचा बंदोबस्त गर्भाला स्वतःच्या इन्सुलिनने करावा लागतो, आणि इन्सुलिनचे एक काम चरबी साठवणे व साठलेली वितळू न देणे हे आहे. कोपनहेगनचे यॉर्गन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात हा सिद्धान्त मांडला. मधुमेही आयांची बाळे थोराड व चरबीने भरलेली का जन्मतात, याचे ते पहिले पटणारे उत्तर होते. शिकागोचे नॉर्बर्ट फ्राइंकेल यांनी १९८० मध्ये त्याचा विस्तार केला : प्रश्न एकट्या साखरेचा नाही, स्निग्धाम्ले व ॲमिनो आम्लेही त्यात आली, आणि या इंधनांच्या बिघडलेल्या मिश्रणाचा ठसा मुलाच्या पुढच्या आयुष्यावर राहतो. आईच्या रक्तातील ट्रायग्लिसराइड हा स्निग्धांश मात्र जसाच्या तसा वार ओलांडत नाही. वारेवरील विकरे त्याचे तुकडे करतात आणि सुटी स्निग्धाम्ले पलीकडे जातात. वैद्यकाचे लक्ष दीर्घकाळ साखरेवरच खिळून राहिले, कारण ती मोजायला सोपी होती.

साखरेचा हिशेब पक्का केला तो ‘हॅपो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बहुराष्ट्रीय अभ्यासाने. नऊ देशांतील सुमारे २५,००० गर्भवतींना ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन तपासण्यात आले आणि २००८ पासून निष्कर्ष येऊ लागले. आईची साखर जसजशी वाढते तसतशी बाळाची चरबी आणि नाळेतील रक्तातील सी-पेप्टाइड (म्हणजे बाळाने स्वतः तयार केलेल्या इन्सुलिनची खूण) वाढत जाते. ही चढण मधुमेहाच्या खूप खालून सुरू होते. अमुक आकड्याखाली निर्धास्त राहावे अशी रेघ सापडलीच नाही. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने उपाशीपोटी ९२, एका तासाने १८० आणि दोन तासांनी १५३ मिलिग्रॅम अशा सीमा ठरवल्या, त्या धोका सरासरीच्या पावणेदोन पट होतो तिथे एकमताने आखलेल्या आहेत. निसर्गाने आखलेल्या नव्हेत. ९१ आणि ९३ यांत डोंगराएवढे अंतर असल्यासारखे बोलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. याच अभ्यासात आईचा लठ्ठपणा व मधुमेह या दोहोंचा परिणाम स्वतंत्रपणे दिसला आणि दोन्ही एकत्र आले तिथे तो अधिक झाला.

मोजमाप : सर्वांत जुनी व स्वस्त पद्धत त्वचेच्या घडीची. बाळाला कुणीतरी छातीशी धरते; मोजणारी व्यक्ती खांद्याच्या फऱ्याखालची कातडी अंगठा व तर्जनीत हलकेच उचलते, कॅलिपरचे जबडे त्यावर सोडते आणि काटा स्थिरावला की मिलिमीटर वाचते. दंडाच्या मागेही तसेच. हात बसायला सराव लागतो. हवेच्या विस्थापनावरून चरबी मोजणारी पेटी, क्ष-किरणांवर आधारलेला डेक्सा आणि एमआरआय ही पुढची साधने. कातडीखालची चरबी कॅलिपरला कळते, पोटातली कळत नाही. या साधनांपैकी ती फक्त एमआरआयलाच वेगळी दिसते.

पुणे अभ्यास : या विषयातला सर्वांत अनपेक्षित अध्याय पुणे जिल्ह्यात लिहिला गेला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या कॅरोलिन फॉल यांनी १९९३ मध्ये पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावरच्या सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू केली. मागे प्रेरणा होती डेव्हिड बार्कर यांची. कमी वजनाची बाळे मोठेपणी मधुमेह व हृदयविकाराला अधिक बळी पडतात, हे बार्कर यांनी इंग्लंडमधील जुन्या जन्मनोंदींवरून दाखवले होते. पुण्याच्या गटाने जुन्या नोंदी शोधण्याऐवजी नव्या तयार केल्या. गावातल्या कार्यकर्त्या महिन्याच्या महिन्याला घरोघरी जाऊन विवाहित बायकांच्या पाळीची तारीख लिहून घेत, म्हणजे दिवस गेलेले लवकर कळत. गरोदर बाई काय खाते, शेतावर व घरी किती राबते, रक्तात काय आहे, सगळे नोंदले गेले. आहाराच्या नोंदी जवळजवळ ८०० गर्भवतींच्या आहेत. बाळ जन्मल्यावर ७२ तासांच्या आत त्याला मोजायचे, असा शिरस्ता होता.

या आया खेड्यातल्या कष्टकरी शेतकरी कुटुंबांतल्या. सरासरी वय २१, उंची १५२ सेंटिमीटर, दिवस जाण्यापूर्वीचे वजन ४२ किलोच्या आतबाहेर आणि बीएमआय १८. दिवसाला १,८०० कॅलरीच्या जवळपास आहार, ४५ ग्रॅम प्रथिने. मधुमेह जवळजवळ नाही. पेडरसनच्या हिशेबाने इथे चरबीचा प्रश्नच उद्भवायला नको होता. २००३ मध्ये या गावांतल्या ६३१ बाळांची तुलना साउथॅम्प्टनच्या ३३८ गोऱ्या बाळांशी प्रसिद्ध झाली. पुण्याचे बाळ सरासरी २.७ किलोचे, तिकडचे ३.५ किलोचे. सर्वच मापांत पुण्याचे बाळ लहान, पण सारखेच लहान नाही. पोटाचा घेर आणि दंडाचा घेर सर्वांत मागे. म्हणजे यकृतासारखे पोटातले अवयव आणि स्नायू तोकडे. फऱ्याखालची त्वचेची घडी मात्र फारच थोडी मागे. वजनात तूट पावणेदोन प्रमाण-विचलनांची, तर या घडीत जेमतेम अर्ध्याची. बाळाने हाडामांसाची काटकसर केली होती, चरबीची केली नव्हती. या रचनेला ‘थिन-फॅट’ म्हणजे कृश पण मेदयुक्त असे नाव पडले. २००२ मध्ये पुणे व लंडन यांच्या नाळेतील रक्ताच्या तुलनेत इन्सुलिनचे पारडे पुण्याकडे झुकलेले दिसले होतेच.

मोठ्यांतला हाच फरक याज्ञिक यांनी स्वतःवर दाखवला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३, युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. भारतीय शरीरांविषयी एवढे नेमके चित्र वैद्यकीय वाङ्मयात क्वचितच सापडेल.

आक्षेप आले, आणि ते बिनबुडाचे नव्हते. त्वचेची घडी पुण्याच्या बाळांचीही निरपेक्ष मापात थोडी पातळच होती. मग यांना मेदयुक्त म्हणायचे, की केवळ स्नायूंनी कमी? २००९ मध्ये नीना मोदी यांच्या गटाने पुणे व लंडन येथील नवजातांचे सर्वांगीण एमआरआय प्रसिद्ध केले, तेव्हा वादाचा मोठा भाग निकाली निघाला. पुण्याची बाळे वजनाने कमी असूनही एकूण चरबीत लंडनच्या बाळांच्या बरोबरीची होती, आणि पोटातली चरबी तर त्यांच्यात जास्तच होती. घेर सर्वांत लहान पोटाचा आणि साठा जास्त तोही पोटातच, ही गोष्ट कॅलिपरला कधीच सापडली नसती.

स्थलांतराने ही रचना चटकन बदलत नाही. १८७३ पासून गिरमिटिया म्हणून सुरीनाममध्ये गेलेल्या उत्तर भारतीयांच्या चौथ्या-पाचव्या पिढीतील बाळांतही ती आढळली आहे.

कारणमीमांसा : मधुमेह नसलेल्या बारीक आईच्या बाळात चरबी येते कुठून? पुण्याच्याच माहितीवरून २०१३ मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की या आयांच्या रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड हे सर्व ‘नॉर्मल’ असतानाही त्यांच्यातील लहानसहान फरक बाळाच्या आकारमानात उमटतात, आणि स्निग्धांशांचे वजन साखरेइतकेच भरते. फ्राइंकेल यांचा मुद्दा असा एका वेगळ्याच मुलखात खरा ठरला. दुसरा धागा सूक्ष्म पोषकांचा. ज्या बायकांच्या ताटात हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध जास्त वेळा आले त्यांची बाळे मोठी होती. एकूण कॅलरींशी मात्र हा संबंध दिसला नाही. सुमारे दोन-तृतीयांश आयांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, मांसाहार क्वचितच आणि दूधही बेताचे, त्यामुळे. फॉलेट मात्र पुरेसे, कारण भाजीपाला आणि सरकारी लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या. २००८ मध्ये सहा वर्षांच्या मुलांच्या तपासणीतून दिसले, की फॉलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांत चरबी अधिक होती. आणि फॉलेट जास्त पण ब-१२ कमी अशा आयांची मुले इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. हा निरीक्षणातून निघालेला संबंध आहे, गोळी बंद करण्याचा सल्ला नव्हे. पण ‘थोडे जास्त घेतले तर बिघडते कुठे’ या समजुतीला त्याने धक्का जरूर दिला. या मुलींना-मुलांना पौगंडावस्थेतच रोज २ मायक्रोग्रॅम ब-१२ देऊन त्यांच्या पुढच्या पिढीवर होणारा परिणाम तपासणारी ‘प्रिया’ ही चाचणी त्यातूनच उभी राहिली.

भारतात अडचण दुहेरी आहे. आईचे बालपण अर्धपोटी गेलेले असते, उंची खुंटलेली असते. आणि शहरात आल्यावर तिच्याच वाट्याला बैठे काम व तळलेले खाणे येते. अशा बुटक्या, स्नायूंनी कमी शरीराला साखरेचा भार लवकर जड जातो. कुपोषणाचा कार्यक्रम एका खात्याकडे आणि मधुमेहाचा दुसऱ्याकडे असल्याने ही दोन्ही एकाच बाईत भेटतात, याकडे बरीच वर्षे कुणाचे लक्ष नव्हते.

उपाय : मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून झालेल्या ‘सरस’ प्रकल्पाने विवाहित बायकांना दिवस जाण्यापूर्वीपासूनच पालेभाजी, फळे व दूध यांचा रोजचा नाश्ता दिला, भजी-समोशासारखा, म्हणजे खाल्ला जाईल असा. सर्व बायकांचा मिळून विचार करता बाळाच्या वजनात ठोस फरक पडला नाही. गर्भकालीन मधुमेहाचे प्रमाण मात्र तुलनेच्या गटात १२.४, तर हा नाश्ता घेणाऱ्यांत ७.३ टक्के भरले. वजनावर डोळा ठेवून केलेल्या प्रयोगाने चयापचयात यश मिळवले, हे इथले खरे फळ.

सौम्य मधुमेहावर उपचार केल्यास बाळाची चरबी घटते, हे अमेरिकेतील २००९ च्या चाचणीत मोजून दिसले : उपचार घेतलेल्या गटात सरासरी ४२७ ग्रॅम, न घेतलेल्यांत ४६४. मात्र ऑस्ट्रेलियातील अशाच एका चाचणीतील मुले चार-पाच वर्षांची झाली तेव्हा दोन गटांच्या बीएमआयमध्ये फरक उरला नव्हता. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाचा निकालही सरळ नाही. टाइप २ मधुमेही गर्भवतींवरील २०२० च्या चाचणीत इन्सुलिनच्या जोडीला ते दिल्यावर बाळांची चरबी कमी झाली, पण दिवसांच्या मानाने खुरटलेल्या बाळांचे प्रमाण वाढले. युरोपीय आईला ही तडजोड परवडेलही. जिथे बाळ मुळातच पावणेतीन किलोचे आहे तिथे दहादा विचार करावा लागतो.

भारतात सरकारी धोरणानुसार गर्भवतीला पहिल्या भेटीत व पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहिली जाते, पोट रिकामे असो वा नसो. १४० किंवा त्याहून जास्त भरली तर मधुमेह धरतात. सकाळची एसटी पकडून प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या बाईला उपाशी ठेवणे आणि पुन्हा बोलावणे दोन्ही अव्यवहार्य, म्हणून ही सवलत. तिची किंमत अशी, की उपाशीपोटीचा आकडा, ज्याचा बाळाच्या चरबीशी स्पष्ट संबंध ‘हॅपो’मध्ये दिसला होता, तो हाती येत नाही. ट्रायग्लिसराइड या तपासणीत मोजलेच जात नाहीत.