दौलताबादच्या हौदाची गोष्ट गाइड का सांगत नाहीत?

नगरहून दौलताबाद-वेरूळची सहल निघाली की पहिला दिवस धावपळीतच जातो. पहाटे गाडी सुटते, घोडेगाव, नेवासा फाटा मागे पडतात, गोदावरी ओलांडली की किल्ल्याचे वेध लागतात. मग गाइडच्या मागे पळायचे. चाँदमिनार, मेंढा तोफ, अंधारी, चिनी महाल, बारादरी. गाइड यादवांचा रामदेवराय सांगतो, १३२७ सालचा महंमद तुघलक सांगतो, चिनी महालात औरंगजेबाने कोंडलेला गोवळकोंड्याचा अबुल हसन कुतुबशहा तर रंगवून सांगतो. पण १९३४ साली याच किल्ल्याच्या दाराशी काय घडले, ते आमच्या वाट्याला आलेल्या एकाही गाइडने कधी सांगितलेले नाही.

१९३४ साली बाबासाहेबांच्या चळवळीतल्या काही सहकाऱ्यांना वाटले की आपणही एकदा प्रेक्षणीय स्थळे पाहावीत. बाबासाहेब येणार असतील तर जायचे असे ठरले आणि ते तयार झाले. वेरूळची बौद्ध लेणी हे मुख्य आकर्षण. नाशिकला सगळे जमले, तीसएक माणसे. भाड्याच्या बस आणि मोटारी घेऊन येवल्यामार्गे औरंगाबादकडे निघाले. त्याच येवल्यात पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, बाबासाहेब धर्मांतराची घोषणा करणार होते.

या सहलीची एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. कार्यक्रम मुद्दाम जाहीर केलेला नव्हता. जिथे मुक्काम किंवा थांबा होता, तिथल्या आपल्याच माणसांना तेवढे कळवले होते. पर्यटकाला पैसा लागतो, वेळ लागतो, वाहन लागते. अस्पृश्य पर्यटकाला या सगळ्यांच्या आधी गुप्तता लागत होती. आणि हा पर्यटक कोण होता? कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळवलेला बॅरिस्टर, गोलमेज परिषदेत बसलेला, १९३२ च्या पुणे करारावर सही केलेला पुढारी.

दौलताबादच्या वेशीवर आपली माणसे वाट पाहत उभी होती. आधी चहा घ्या, मग किल्ला बघा, असा त्यांचा आग्रह. चहाची सगळ्यांनाच गरज होती, पण अंधार पडण्याआधी किल्ला नीट पाहून व्हायला हवा होता. म्हणून चहा परतताना घेऊ असे सांगून मंडळी पुढे गेली. रमजानचा महिना होता. दाराबाहेर काठोकाठ भरलेला लहानसा हौद, भोवती रुंद फरसबंदी. प्रवासाच्या धुळीने सगळे माखलेले. काहींनी हौदाच्या पाण्याने हातपाय, तोंड धुतले आणि सगळे दाराकडे वळले.

आत जाण्याची परवानगी कशी घ्यायची हे पहारेकऱ्याला विचारत असतानाच मागून एक वृद्ध मुसलमान ओरडत आला. अस्पृश्यांनी हौद बाटवला म्हणून. बघता बघता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. आम्ही बाहेरगावचे, इथली रीत आम्हाला ठाऊक नाही, हे सांगून उपयोग झाला नाही. उलट राग वळला तो तोवर तिथे पोहोचलेल्या स्थानिक अस्पृश्यांवर, कारण पाहुण्यांना त्यांनी सांगितले का नाही! मारामारी होणार अशी वेळ आली. तेव्हा बाबासाहेबांनी संतापून जमावातल्या एका तरुणाला विचारले की हेच तुमचा धर्म शिकवतो का, आणि उद्या हाच माणूस मुसलमान झाला तर तुम्ही त्याला पाणी नाकाराल का. जमाव गप्प झाला. पहारेकऱ्याने नाव मागितले, बाबासाहेबांनी कागदावर लिहून दिले, चिठ्ठी आत गेली आणि परवानगी आली. अट एकच: किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. लक्ष ठेवायला सोबत एक हत्यारबंद शिपाई. त्या दिवशी बाबासाहेबांच्या तुकडीसोबत किल्लाभर जो फिरला, तो हा शिपाई.

आता आम्हा नगरकरांचा या किल्ल्याशी संबंध काय? दौलताबाद अहमद निजामशहाने १४९९ साली घेतले. १६०० मध्ये मोगलांनी नगरचा किल्ला जिंकल्यावर निजामशाही जिवंत ठेवली ती मलिक अंबरने आणि शेवटी तिची राजधानी दौलताबादच होती. १६३३ मध्ये मोगलांनी हा किल्ला घेतला. मलिक अंबर म्हणजे इथिओपियातून आणलेला, बाजारात विकला गेलेला गुलाम. तो निजामशाहीचा पेशवा झाला, त्याने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली आणि तिथे नहरीने पाणी आणले. विकत घेतलेला गुलाम ज्या किल्ल्यातून राज्य चालवू शकला, त्याच किल्ल्यात तीनशे वर्षांनी या मातीतल्या माणसाला पाणी नाकारले गेले. गुलामाला त्या समाजात वर चढता येत होते. अस्पृश्याला मात्र जात चिकटूनच राहिली, राजा कोणत्याही धर्माचा असो.

परदेशी पाहुण्यांनी मात्र हे पाहिले आणि लिहून ठेवले. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमधून आलेला फाहियान सांगतो की चांडाळ गावाबाहेर राहत आणि नगरात शिरताना लाकूड वाजवत, म्हणजे लोकांनी बाजूला व्हावे. सातव्या शतकातला ह्युएनत्संग खाटीक, कोळी, भंगी यांची घरे नगराबाहेर असल्याचे नोंदवतो. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये या दोघांच्या नोंदी पुरावा म्हणून तपासल्या. फाहियानची नोंद त्यांना पुरेशी वाटली नाही, ह्युएनत्संगला त्यांनी अधिक वजन दिले आणि अस्पृश्यतेचा जन्म इसवी सन ४०० च्या सुमारास ठेवला. दोन चिनी प्रवाशांना जे दिसले, ते आपल्या गाइडांच्या पाठांतरात अजून आलेले नाही.

हल्ली ही गोष्ट मोबाइलवर फिरते ती अर्धवट. मुसलमानांनी बाबासाहेबांना पाणी नाकारले, एवढेच सांगून हिंदुत्ववादी मोकळे होतात. दुसरीकडे काही पुरोगामी मित्र हा प्रसंग अडचणीचा म्हणून टाळतात. दोघेही बाबासाहेबांना कापून वाचतात. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लहानशा लेखनात दौलताबादच्या आधी बडोद्याची पारशी खानावळ येते, गोरेगावच्या वाटेवरचे हिंदू गाडीवान येतात. जात हिंदूंच्या घरातून निघाली आणि शेजाऱ्यांच्या घरातही शिरली, असा तो क्रम आहे. १९२७ साली महाडमध्ये लाठ्या घेऊन आलेले सवर्ण कोण होते, हे दौलताबादचा मजकूर पाठवणाऱ्याला जरूर विचारावे. ४ ऑगस्ट १९२३ चा बोले ठराव मुंबई कौन्सिलात मंजूर होऊनही चार वर्षांनी तिथे डोकी फुटली होती.

थंडीत नगर, नेवासा, शेवगावच्या शाळांच्या सहली दौलताबादला जातील. पोरे दाराशी फोटो काढतील आणि आत पळतील. सोबत आपला एखादा शिक्षक किंवा कार्यकर्ता असेल तर त्याने आत शिरण्याआधी सगळ्यांना थांबवून हा प्रसंग वाचून दाखवावा. दहा मिनिटेसुद्धा लागत नाहीत.