एका बाकावरचे गिरणगाव

आपल्या वर्गात कोकणातले, घाटावरचे, तेलुगू पद्मशाली, उत्तरेकडचे असे सगळेच होते, आणि त्याचे कौतुक दर स्नेहमेळाव्यात होते. गिरणगाव मात्र इतके सहज मिसळलेले नव्हते. साचेखात्यात कांडी बदलताना धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे. म्हणून विटाळाच्या नावाखाली दलित कामगारांना तिथे मज्जाव होता. आणि जास्त मजुरी तर विणकामातच! १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. चाळीतल्या खोल्याही बऱ्याचदा गाववार, जातवार भरत. त्या मानाने एका बाकावर बसून डबा वाटून खाणे ही मोठीच गोष्ट होती, हे तेव्हा आपल्याला कळत नव्हते इतकेच.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्यांच्या जमिनीचे महापालिका, म्हाडा आणि मालक असे वाटप करणारा १९९१ चा नियम आला. २००१ च्या दुरुस्तीने ते वाटप फक्त मोकळ्या जागेपुरते उरले. मॉल आणि टॉवर उभे राहिले. आज लोअर परळला देशभरची माणसे कामाला येतात आणि संध्याकाळी लोकलने परततात. आपलेही पत्ते आता डोंबिवली, विरार, पनवेलचे झालेत. अंकाच्या शेवटची यादी चाळून पाहा.